ऑट्री, जीन

(२९ सप्टेंबर १९०७ – २ ऑक्टोबर १९९८). अमेरिकन चित्रपटांत ‘गाणारा काउबॉय’ रुजवणारा गायक-नट आणि पुढे रेडिओ-दूरचित्रवाणीतील बडा उद्योजक. पूर्ण नाव ऑर्व्हन ग्रोव्हर ऑट्री. जन्म टेक्ससमधील टायोगा गावाजवळ. ओक्लाहोमात रेल्वे स्टेशनांवर तारबाबूची नोकरी करता करता तो गिटारवर गाऊ लागला. १९२९ पासून त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. सुरुवातीच्या गाण्यांवर गायक जिमी रॉजर्सच्या योडलिंगची, म्हणजे छातीच्या आवाजातून क्षणात उंच कृत्रिम स्वरात जाऊन परतण्याच्या पद्धतीची, दाट छाप आहे. ती पुसली गेल्यावर उरला तो मऊ, संथ, बोलल्यासारखा आवाज. मायक्रोफोनला तो फार मानवला. शिकागोच्या रेडिओने तो घरोघरी पोचवला.

१९३५ मधील ‘द फँटम एम्पायर’ या १२ भागांच्या मालिकापटाने तो नायक झाला. त्यात कुरण हातचे जाऊ नये म्हणून नायकाला कितीही संकटे आली तरी रोज रेडिओवर गायला परतावे लागते! नंतरचे रिपब्लिक कंपनीचे चित्रपट साधारण तासाभराचे आणि कमी खर्चाचे असत. घोड्यावरची गाणी आधी स्टुडिओत मुद्रित करून चित्रीकरणात वाजवत आणि ऑट्री त्यावर ओठ हलवी. उघड्यावर टापांच्या आणि वाऱ्याच्या आवाजात थेट मुद्रण नीट होत नसे. घोडेस्वारीत तो मुळात कच्चा होता, त्यामुळे अवघड कसरती बदली स्वार करत. ‘चँपियन’ हा त्याचा प्रसिद्ध घोडाही एकच नव्हता. त्या नावाने अनेक घोडे वापरले गेले. विनोदाचा भार सहनट स्मायली बर्नेट उचलत असे. कथेत पिस्तुलांच्या जोडीला मोटारी, विमाने आणि रेडिओ बिनदिक्कत येत. खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकाला हा आपल्याच काळातला नायक वाटला, तो त्यामुळेच.

ऑट्रीच्या चित्रपटांसोबत कंपनीचे इतर चित्रपट घेण्याची सक्ती थिएटरमालकांवर होत असे. ही सक्ती आणि स्वतःचे मानधन यांवरून १९३८ मध्ये त्याने काम थांबवले. कंपनीने त्याच्या जागी लेनर्ड स्लाय या गायकाला उभे केले; तोच पुढे रॉय रॉजर्स म्हणून गाजला.

१९४२ मध्ये रेडिओ कार्यक्रम चालू असतानाच ऑट्रीने सैन्यभरतीची शपथ घेतली. भारत-ब्रह्मदेश-चीन आघाडीवर त्याने मालवाहू विमाने चालवली. युद्धानंतर करारमुक्तीचा खटला तो रिपब्लिकविरुद्ध जिंकला आणि १९४७ मध्ये कोलंबिया या चित्रपट कंपनीकडे गेला. दूरचित्रवाणीची ताकद ओळखून त्याने स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि १९५० पासून मालिका केल्या. १९४९ चे लाल नाकाच्या रेनडियरचे नाताळगीत त्याचे सर्वांत खपलेले गाणे ठरले. १९६० मध्ये एंजल्स बेसबॉल संघाच्या सामन्यांचे रेडिओ प्रक्षेपण हक्क मागायला गेला आणि संघच घेऊन आला.

हॉलिवुडच्या वॉक ऑफ फेमवर, म्हणजे कलावंतांच्या नावाचे तारे बसवलेल्या पदपथावर, चित्रपट, रेडिओ, ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी आणि रंगमंच अशा पाच विभागांतला तारा मिळवणारा तो एकमेव कलावंत आहे. अमेरिकेच्या पश्चिमेच्या इतिहासाला वाहिलेले, त्याने स्थापन केलेले संग्रहालय १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाले.