पायएन्व्ह आणि व्हीएन्व्ह: झाड वेगळं, पेटी वेगळी

देवगडचा माझा मामेभाऊ आंब्याच्या पेट्यांचा हिशेब पायथनच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये ठेवतो. एप्रिलच्या ऐन गर्दीत त्याचा फोन आला, “दादा, मी व्हर्जन बदललंय, तरी तां जुनांच दाखवता.” पायथनची वेगवेगळी व्हर्जनं बसवून देणाऱ्या पायएन्व्हने त्याने ३.१२ बसवलं होतं, आणि टर्मिनल ३.१० सोडायला तयार नव्हतं. ओळीच्या सुरुवातीला कंसात काही दिसतंय का, असं मी विचारलं. दिसत होतं. जुनं व्हीएन्व्ह, म्हणजे एका प्रोजेक्टची पॅकेजेस (उसना तयार कोड) वेगळी ठेवायची पेटी, चालूच राहिलं होतं; कंसात त्याचंच नाव होतं.

सारखी नावं देणाऱ्यांनी इथे घोळ घातलाय खरा. पायएन्व्ह खुद्द पायथन आणतं. भावाच्या संगणकावरच्या उबुंटू २२.०४ या लिनक्समध्ये ३.१० येतं, आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये एफ-स्ट्रिंगच्या (मधे कंसात थेट कोड लिहिता येणाऱ्या मजकुराच्या) आत तेच अवतरणचिन्ह पुन्हा वापरलेलं. ही मुभा ३.१२ पासूनची, ३.१० तिथे सिंटॅक्स एररच देणार. सिस्टिमचं पायथन काढून दुसरं बसवायच्या फंदात मात्र पडू नये, कारण उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं त्याच्यावर चालतात. पायएन्व्ह सगळी व्हर्जनं होम फोल्डरमध्ये शेजारी शेजारी ठेवतं आणि पाथच्या, म्हणजे टर्मिनल ज्या फोल्डरांत क्रमाने प्रोग्रॅम शोधतं त्या यादीच्या, सुरुवातीला आपला अडत्या बसवतं. तुम्ही ‘पायथन’ म्हणालात की हा अडत्या चालू फोल्डरमध्ये, मग त्याच्या वरच्या फोल्डरांत ‘डॉट पायथन-व्हर्जन’ नावाची फाइल शोधतो. नाहीच मिळाली तर ग्लोबल ठरवलेलं व्हर्जन पुढे करतो.

व्हीएन्व्ह ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, पायथनसोबतच येतं (डेबियन-उबुंटूवर त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, हे पहिल्यांदा सगळ्यांनाच नडतं). ते कुठलंही व्हर्जन आणत नाही. ज्या पायथनने ते बनवलं त्याच्याकडे जाणारी एक लिंक आणि पॅकेजेससाठी रिकामी जागा, एवढाच त्याचा संसार. पेटी बदलली म्हणून पायरीचा हापूस होत नाही.

भावाला त्या फोल्डरमधली ‘पायव्हीएन्व्ह डॉट सीएफजी’ उघडायला लावली. आत ‘होम’ची ओळ होती, तिच्यापुढे यूएसआर-बिनचा पत्ता. म्हणजे पेटी सिस्टिमच्या ३.१० वर बांधलेली. व्हीएन्व्ह चालू केलं की त्याचं बिन (प्रोग्रॅम ठेवायचं) फोल्डर पाथमध्ये अडत्याच्याही पुढे जाऊन बसतं, मग पायएन्व्हमध्ये काहीही बदला, अडत्याला कोणी विचारतच नाही.

उपाय साधा: डीअ‍ॅक्टिव्हेट करायचं (व्हीएन्व्ह बंद करायचं), जुनं फोल्डर उडवायचं, ३.१२ ने नवं व्हीएन्व्ह बनवायचं आणि रिक्वायरमेंट्स फाइलमधल्या यादीवरून पॅकेजेस पुन्हा टाकायची. व्हीएन्व्ह जपून ठेवायची वस्तूच नव्हे. फोल्डर दुसरीकडे हलवलं तरी ते बिघडतं, कारण आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते कोरलेले असतात.

एवढं करूनही प्रोग्रॅम चालेना. एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसचं) मॉड्यूल सापडत नाही म्हणे. हा दोष मात्र झाडाचा, म्हणजे खुद्द पायथनचा. पायएन्व्ह पायथनचा सोर्स कोड उतरवून तिथल्या तिथे कंपाइल करतं; त्यासाठी लागणारी एसक्यूलाइटची डेव्ह लायब्ररी नसेल तर इशारा देऊन पुढे जातं, आणि तो इशारा भावाने वाचला नव्हता. लायब्ररी टाकून तेच ३.१२ पुन्हा कंपाइल करायला लावलं. मध्ये एकदा लाइट गेली, ते वेगळंच. पत्ता तोच राहिल्यामुळे नवं व्हीएन्व्ह मात्र मोडावं लागलं नाही.

डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पिपने (पॅकेजेस टाकायच्या साधनाने) थेट पॅकेज टाकायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार मिळतो, आणि बरेच जण तिथून पायएन्व्हकडे धावतात. तिथे व्हीएन्व्ह पुरतं. पायएन्व्हने नकार टळतो, पण सगळ्या प्रोजेक्टची पॅकेजेस एकाच ढिगात पडतात. हल्ली यूव्ही नावाचं साधन दोन्ही कामं एकट्याने करतं, पण भर हंगामात भावाला ते शिकवायची माझी छाती झाली नाही.