खिलत

बादशहाने किंवा राजाने दरबारात मानकऱ्याला दिलेला पोशाख. शब्द अरबी असून ‘अंगावरून उतरवणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे, कारण मूळ चालीत धनी स्वतःचे वस्त्र उतरवून चाकराला देई. फारसीत यालाच सरोपा म्हणत, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. मराठीतला ‘शिरपाव’ तो हाच.

मुघल दरबारात नगांवरून दर्जा कळे. साधी खिलत तीन नगांची: पगडी, मोठ्या घेराचा जामा आणि कमरबंद. पाच नगांच्या खिलतीत शिरपेच आणि पगडीवर बांधायचा बालाबंद वाढे. सर्वांत वरचा मान बादशहाने स्वतः वापरलेल्या कपड्यांचा, त्याला मलबूस-ए-खास म्हणत. 1616 साली अजमेरला शहजादा खुर्रम (पुढचा बादशहा शाहजहान) दख्खनच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याने इंग्रज वकील टॉमस रो याच्या अंगावर आपला वापरलेला जरीचा झगा चढवायला लावला. रो नाखूश झाला. जुना कपडा हीच तिथे मोठी मेहेरबानी असते, हे त्याला कळत होते तरी.

अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या आईन-ए-अकबरी या ग्रंथाप्रमाणे त्याच्या कोठीत दर हंगामाला 1000 पूर्ण पोशाख तयार होत आणि 120 पोशाख बारा गाठोड्यांत कायम हाताशी असत.

खिलत मिळाली की तीन तस्लिमा कराव्या लागत. उजव्या हाताची पाठ जमिनीला टेकवायची, हात सावकाश उचलत ताठ उभे राहायचे आणि तळवा माथ्यावर ठेवायचा. खालून वर जाई ती नजर (मोहरा, रुपये), वरून खाली येई ती खिलत. नजर देऊन खिलत न मिळणे हा भर दरबारात झालेला अपमानच. मे 1666 मध्ये आग्र्याला नेमके हेच घडले: शहजादे, वजीर जाफरखान आणि जसवंतसिंह यांना खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना मिळाली नाही. महाराज संतापून बाजूला गेले. मागाहून समजुतीसाठी पाठवलेली खिलत त्यांनी घेतली नाही. याला निव्वळ रुसवा समजणे चूक आहे, कारण वस्त्र अंगावर घेणे म्हणजे चाकरी पत्करणे.

मराठी राज्यात पदाची नेमणूकच ‘वस्त्रे’ देऊन होई. शाहू छत्रपतींनी 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथाला आणि 1720 मध्ये पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली. पुढे सगळा कारभार पुण्यात आला, तरी वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागत. 1796 या एकाच वर्षात ती आधी दुसऱ्या बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा याच्यासाठी आणि मग खुद्द दुसऱ्या बाजीरावासाठी आणली गेली.