डेटा सेंटरचे नैसर्गिक शीतकरण : एका गुणोत्तराची पार्श्वभूमी

बाहेरच्या हवेने किंवा पाण्याने यंत्रे गार ठेवण्याची कल्पना जुनी असली, तरी डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हर नावाचे मोठे संगणक एकत्र ठेवलेल्या केंद्रांमध्ये, तिचा खऱ्या अर्थाने शिरकाव झाला तो तापमानाची मर्यादा सैल झाल्यावर. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी अमेरिकेतील अभियंत्यांच्या एका संघटनेने २००४ मध्ये २० ते २५ अंश सेल्सिअसची शिफारस केली होती; २००८ मध्ये ती १८ ते २७ अंश झाली आणि २०११ मध्ये काही वर्गांच्या यंत्रांना ४० ते ४५ अंशांपर्यंत मुभा मिळाली. त्याच वर्षी फिनलंडमधील हामिना येथे जुन्या कागद गिरणीच्या बोगद्यातून समुद्राचे पाणी खेचणारे केंद्र सुरू झाले. तिथे तापलेले पाणी परत सोडण्यापूर्वी त्यात ताजे समुद्रजल मिसळतात.

या सगळ्या वाटचालीचे मोजमाप ज्या गुणोत्तराने झाले, ते 'पीयूई' (पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस, म्हणजे वीजवापराची परिणामकारकता) २००७ पासून रूढ झाले. केंद्राने घेतलेल्या एकूण विजेला संगणकीय यंत्रांपर्यंत पोहोचलेल्या विजेने भागले की ते मिळते, आणि १ हा आदर्श मानतात. वरवर सरळ वाटणाऱ्या या भागाकारात मोठी खोट आहे. सर्व्हरच्या पेटीतले छोटे पंखे 'संगणकीय' खात्यात धरले जातात; त्यामुळे खोलीचे तापमान वाढवल्यावर ते पंखे जोरात फिरून जास्त वीज खातात, छेद फुगतो आणि एकूण वापर वाढूनही गुणोत्तर सुधारल्याचे दिसते. दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते, ती पाण्याची. अनेक केंद्रांत पाण्याची वाफ करून हवा गार करतात; एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता शोषली जाते. कॉम्प्रेसरची वीज त्यामुळे वाचते, पण उडून गेलेले पाणी पीयूईत कुठेच उमटत नाही.

डेटा सेंटर असलेल्या नवी मुंबईतील ऐरोली-महापे पट्ट्याला हा प्रश्न थेट भिडतो. विदर्भात मे महिन्यात वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण किनाऱ्याची हवा आधीच ओलसर असते. उत्तर युरोपातील आकडे इथे जसेच्या तसे लागू करणे म्हणूनच चुकीचे आहे.

पाण्यासाठी स्वतंत्र गुणोत्तर २०११ मध्ये मांडले गेले, परंतु पीयूईइतके ते रुळले नाही. युरोपात ५०० किलोवॅट आणि त्याहून अधिक क्षमतेच्या केंद्रांना विजेबरोबर पाण्याचा वापरही कळवावा लागतो, तो नियम २०२४ मधला.