पार्ती आणि हिज्ब: तारीख एक, पक्ष दोन

कुर्दी राजकारणावर मराठीत काही वाचायला मिळालं की मी आधी १९४६ सालचा परिच्छेद शोधतो. बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं की १६ ऑगस्ट १९४६ ला इराणमधल्या महाबादमध्ये इराकी कुर्दांचे नेते मुस्तफा बारझानींच्या उपस्थितीत कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पार्टीचं पहिलं अधिवेशन भरलं. यातली तारीख बरोबर आहे. पण गाव चुकलंय, बारझानी त्या अधिवेशनाला नव्हते आणि पक्षाचं नावही त्या दिवशी वेगळं होतं. तिन्ही चुकांचं मूळ एकच. सारख्या नावाचे दोन पक्ष एकच धरले जातात, नाहीतर एकाला दुसऱ्याची शाखा ठरवलं जातं.

यातला इराकमधला पक्ष बातम्या वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतो: बारझानी घराण्याचा, इराकी कुर्दिस्तानची राजधानी अर्बिलमधून कारभार करणारा, पिवळ्या झेंड्याचा. सद्दामशी लढा, १९९१ नंतरची स्वायत्तता, जलाल तालबानींच्या पक्षाशी झालेलं यादवी युद्ध, हे सगळं त्याच्याच इतिहासातलं. त्यात आणखी शिरत नाही. दुसरा पक्ष इराणमधला, आधी काझी मुहम्मदांचा आणि पुढे अब्दुल रहमान कासेमलूंचा. सत्ता त्याच्या वाट्याला आली ती १९४६ मध्ये जेमतेम अकरा महिने. उरलेला बहुतेक काळ भूमिगत किंवा परागंदा अवस्थेत गेला. ज्याच्याबद्दल रोज छापून येतं तो पक्ष डोक्यात पक्का बसतो आणि दुसऱ्याच्या गोष्टीही त्याच्याच नावावर जमा होतात.

कुर्दी माणसाचा हा गोंधळ होत नाही, कारण बोलताना तो दोन वेगळे शब्द वापरतो. इराकमधला पक्ष म्हणजे 'पार्ती'. इराणमधला म्हणजे 'हिज्बी देमोक्रात', थोडक्यात 'हिज्ब' किंवा नुसतं 'देमोक्रात'. दोन्ही शब्दांचा अर्थ पक्षच, एक युरोपातून आलेला आणि दुसरा अरबीतून. (हिज्बुल्लातलाही हिज्ब हाच, पण इथे धर्माचा संबंध नाही.) आपण दोघांचं भाषांतर 'कुर्दिस्तान लोकशाही पक्ष' असं करतो आणि तिथेच फरक पुसून टाकतो. अशा ठिकाणी भाषांतर करूच नये, पार्ती आणि हिज्ब हेच शब्द ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. तसंच 'पार्तीची काँग्रेस' असं लिहू नये. मराठी कानाला काँग्रेस म्हणजे आपल्याकडचा एक पक्ष. जिथे नेतृत्व निवडलं जातं आणि कार्यक्रम ठरतो, त्याला अधिवेशन हा चांगला शब्द आहे.

आता मुख्य मुद्दा. पार्ती ही हिज्बची शाखा नव्हती. इतकंच नाही, तर शाखा म्हणून राहायला नकार देऊनच ती जन्मली.

ऑगस्ट १९४१ पासून इराणच्या उत्तरेत सोव्हिएत आणि दक्षिणेत ब्रिटिश फौजा होत्या. महाबाद या दोघांच्या मधल्या पट्ट्यात, तेहरानच्या हाताबाहेर गेलेलं. १९४२ मध्ये तिथे 'कोमला' नावाची गुप्त संघटना सुरू झाली. तिच्या जागी १६ ऑगस्ट १९४५ ला काझी मुहम्मदांनी उघड पक्ष काढला, तोच हिज्ब. त्याच्या मागण्या नीट वाचाव्यात. इराणच्या सीमेच्या आत कुर्दांना स्वायत्तता आणि शाळा-कचेऱ्यांत कुर्दी भाषा, हे त्यातलं मुख्य. सगळ्या देशांतल्या कुर्दांचं मिळून एक राज्य, असं त्यात नव्हतं. २२ जानेवारी १९४६ ला महाबादच्या 'चार चिरा' चौकात, म्हणजे चार दिव्यांच्या चौकात, काझींनी प्रजासत्ताक जाहीर केलं.

मुस्तफा बारझानी या गावात पाहुणे होते. इराकी फौजेपुढे माघार घ्यावी लागल्यावर १९४५ च्या शरद ऋतूत ते आपले लढवय्ये आणि त्यांची बायकामुलं घेऊन सीमा ओलांडून आले. प्रजासत्ताकाने त्यांना जनरल केलं आणि त्यांची माणसं त्या फौजेचा कणा झाली. पण पक्ष काझींचा होता आणि कार्यक्रम इराणपुरता. बारझानींचं भांडण बगदादशी होतं आणि त्यांना स्वतःचा, इराकमधला पक्ष हवा होता. त्यांनी हमजा अब्दुल्लांच्या हाती पत्र देऊन त्यांना इराकमध्ये पाठवलं. तिथे 'रिझगारी' आणि 'शोरिश' (मुक्ती आणि क्रांती) असे डाव्या वळणाचे कुर्दी गट काम करत होते, त्यांना एका पक्षात आणायचं होतं.

याला विरोध झाला आणि विरोध करणारा माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुलेमानियाचे वकील आणि लेखक इब्राहिम अहमद हिज्बची इराकमधली शाखा चालवत होते. कुर्दांचा पक्ष एकच असावा आणि तो काझींच्या नेतृत्वाखाली असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे इराकमध्ये हिज्बची शाखा खरोखर होती, आणि ती होती म्हणूनच पार्तीच्या स्थापनेला हरकत घेतली गेली. 'पार्ती ही इराणी पक्षाची इराकी शाखा' असं लिहिणारा नकळत बरोबर उलटं सांगत असतो. शाखा हवी होती ती इब्राहिम अहमदांना, बारझानींना नव्हे.

बारझानींचं म्हणणं पुढे सरकलं. १६ ऑगस्ट १९४६ ला, हिज्बच्या स्थापनेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, पार्तीचं पहिलं अधिवेशन बगदादमध्ये गुपचूप भरलं. अध्यक्ष म्हणून निवड झाली बारझानींची, ते स्वतः सीमेपलीकडे असताना. सरचिटणीस झाले हमजा अब्दुल्ला. उपाध्यक्ष दोघे होते: शेख लतीफ आणि झियाद आगा. शेख लतीफ हे १९२२ मध्ये सुलेमानियात स्वतःला कुर्दिस्तानचा राजा म्हणवणाऱ्या शेख महमूदांचे चिरंजीव. डाव्या विचाराचे कार्यकर्ते आणि जमीनदार-शेख मंडळी एकाच कार्यकारिणीत बसवण्याची ही मोट पहिल्याच दिवशी बांधली गेली. १९६४ मध्ये काला दिझाच्या सहाव्या अधिवेशनाच्या वेळी ती फुटली. बारझानींनी इब्राहिम अहमद आणि पुढे त्यांचे जावई झालेले तालबानी यांना बाहेर काढलं. तालबानींच्या वेगळ्या पक्षाची बीजं या फुटीत आहेत.

मग महाबादचं नाव पार्तीला कसं चिकटलं? एक कारण अगदी घरगुती आहे. त्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९४६ ला, महाबादमध्ये बारझानींना मुलगा झाला. तो मसूद बारझानी, १९७९ पासून पार्तीचा अध्यक्ष. वडील महाबादमध्ये, मुलगा महाबादमध्ये जन्मलेला, तारीख तीच. त्यामुळे पक्षही तिथलाच असणार असं वाटतं. पण पक्षाचा जन्म बगदादचा.

डिसेंबर १९४६ मध्ये इराणी फौज आली आणि प्रजासत्ताक संपलं. ३१ मार्च १९४७ ला काझी मुहम्मदांना त्याच चार चिरा चौकात फाशी दिलं गेलं. बारझानी लढत-चालत अरस नदी ओलांडून सोव्हिएत संघात गेले आणि १९५८ मध्ये इराकची राजेशाही उलथल्यावरच परतले. एक पक्षच हवा म्हणणारे इब्राहिम अहमद महाबाद पडल्यावर पार्तीत आले. जानेवारी १९५३ मध्ये किर्कूकच्या तिसऱ्या अधिवेशनात तेच सरचिटणीस झाले आणि त्याच अधिवेशनात पक्षाच्या नावातला 'कुर्द' हा शब्द बदलून 'कुर्दिस्तान' झाला. म्हणून १९४६ च्या संदर्भात 'कुर्दिस्तान' लिहिणं चूक.

अधिवेशन कुठे भरलं यावरून पक्ष ओळखायला जाऊ नका, हमखास फसाल. दोघेही एकमेकांच्या देशात आसरा घेत आले आहेत. कासेमलूंना सरचिटणीस करणारं हिज्बचं १९७३ चं तिसरं अधिवेशन इराकमध्ये झालं. मसूद बारझानींना अध्यक्ष करणारं पार्तीचं १९७९ चं नववं अधिवेशन इराणमध्ये, उर्मियाच्या बाजूला. आणि त्या सुमारास हिज्ब तेहरानविरुद्ध लढत होता, तर पार्तीला तेहरानचं पाठबळ होतं. दोघांच्या पेशमर्गांनी, म्हणजे कुर्दी लढवय्यांनी, एकमेकांवर गोळ्याही झाडल्या. एकाच पक्षाच्या दोन फांद्या मानल्या तर या गोळीबाराचा अर्थच लागत नाही.

नुसत्या क्रमांकावरही विसंबू नका. 'चौथं अधिवेशन' म्हटलं तर पार्तीचं ऑक्टोबर १९५९ मध्ये बगदादला, हिज्बचं फेब्रुवारी १९८० मध्ये महाबादला. हिज्बच्या त्या अधिवेशनानंतर तुदेह या इराणी कम्युनिस्ट पक्षाकडे झुकलेला गट फुटला आणि त्याने स्वतःचं नावच 'चौथ्या अधिवेशनाचे अनुयायी' असं ठेवलं. हे नाव पार्तीच्या इतिहासात घुसडलेलं मी पाहिलंय. क्रमांकासोबत साल आणि पक्ष, दोन्ही हवेच.

झेंडे, आद्याक्षरं, मुख्यालयं हे फरक कुठेही सापडतील. एक मात्र ध्यानात असू द्या. २००६ मध्ये हिज्ब दुभंगला आणि बाहेर पडलेल्या गटाने नावातला 'इराण' गाळून 'हिज्बी देमोक्राती कुर्दिस्तान' असं नाव घेतलं. ऑगस्ट २०२२ मध्ये दोन्ही गट पुन्हा एक झाले. मधल्या सोळा वर्षांतल्या बातम्यांत 'इराण' हा शब्द नाही म्हणून पक्ष अर्बिलचा, असं धरू नका. तिथेही कुर्दी शब्द पाहा, हिज्ब लिहिलंय की पार्ती.

मला सगळ्यात जास्त लागतं ते कासेमलूंबाबतचं लिखाण. त्यांना बारझानींच्या पक्षाचे नेते म्हटलेलं मी मराठीत वाचलंय. ते हिज्बचे सरचिटणीस होते. १३ जुलै १९८९ ला व्हिएन्नात, इराण सरकारच्या माणसांशी वाटाघाटी करायला बसलेले असताना, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या जागी आलेले सादिक शराफकंदी १७ सप्टेंबर १९९२ ला बर्लिनच्या मिकोनोस उपाहारगृहात मारले गेले. तेही हिज्बचेच.