उडणारा फ्यूज आणि पेटता दिवा : जुन्या गाडीतला शॉर्ट कसा सापडतो

ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला की फ्यूज उडतो, नवा बसवला तर तोही तत्क्षणी उडतो. जुन्या गाडीतल्या शॉर्ट सर्किटचे हे त्यातल्या त्यात सोपे रूप आहे, कारण बिघाड ब्रेकच्या दिव्यांच्या शाखेत आहे एवढे तरी त्यावरून लगेच कळते. पंचाईत त्यापुढे होते. ही तार फ्यूजपेटीतून निघून डॅशबोर्डखालून, मग गाडीच्या तळाच्या कडेने मागच्या दिव्यांपर्यंत चार-पाच मीटर जाते. तिचा बहुतेक भाग पत्र्याआड आणि अस्तराखाली दडलेला असतो, आणि बिघाड प्रत्यक्ष चालू असतो तो केवळ फ्यूज वितळेपर्यंतच्या निमिषभरात. म्हणूनच शॉर्ट शोधण्याचे खरे कौशल्य, माझ्या मते, तो बिघाड कोणताही अपाय न होऊ देता हवा तितका वेळ चालू ठेवण्यात आहे.

गाडीत बॅटरीच्या एका टोकापासून प्रत्येक उपकरणापर्यंत तार जाते, पण परतीची तार बहुधा नसते. बॅटरीचे दुसरे टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि तो सांगाडाच वीजप्रवाहाचा परतीचा रस्ता होतो. बहुतेक गाड्यांत हे टोक ऋण असते. काही फार जुन्या गाड्यांत मात्र धन टोक सांगाड्याला जोडलेले आढळते. या रचनेत तांब्याची मोठी बचत होते, परंतु आवरण सोललेली तार पत्र्याला जिथे टेकेल तिथे दिव्याला वगळून जाणारी आडवाट तयार होते. हाच शॉर्ट.

ती आडवाट किती धोकादायक असते, हे साध्या हिशेबाने कळते. ब्रेकचा 12 व्होल्टचा, 21 वॅटचा बल्ब जळत असताना सुमारे 7 ओहम रोध दाखवतो आणि पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. आता 1 चौरस मिलिमीटर छेदाची, 5 मीटर लांबीची तांब्याची तार घ्या. तिचा रोध 0.086 ओहम भरतो. बॅटरीचा अंतर्गत रोध 0.01 ओहम धरला, तर शॉर्ट झाल्यावर 130 अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहील आणि त्या एकट्या तारेत जवळजवळ दीड किलोवॅट, म्हणजे खोली गरम करणाऱ्या हीटरइतकी, उष्णता निर्माण होईल. तारेतले तांबे अवघे 45 ग्रॅम असल्यामुळे तिचे तापमान सुरुवातीला दर सेकंदाला 80 अंशांहून अधिक वेगाने वाढेल आणि दोन-तीन सेकंदांत आवरण वितळू लागेल. फ्यूज आधी वितळून हे सारे टाळतो. तो वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवणे यासारखी दुसरी घातक चूक नाही, कारण मग फ्यूजचे काम गाडीच्या अस्तराखालची तार करू लागते.

बिघाड टिकवून धरण्याचे साधन अगदी साधे आहे. उडालेला फ्यूज काढून फ्यूजपेटीतल्या त्याच्या जागेच्या दोन टोकांमध्ये 21 वॅटचा बल्ब जोडायचा. पुढे शॉर्ट असेल, तर बॅटरीचा जवळजवळ सारा विद्युतदाब (व्होल्टेज) या बल्बवर पडतो आणि तो पूर्ण तेजाने जळतो. मात्र प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, म्हणून तार थंड राहते. शॉर्ट नसेल आणि पुढे फक्त गाडीचे दिवे असतील, तर दाब वाटला जातो व आपला बल्ब मंद दिसतो. तेज आणि मंदपणा यांतला हा फरकच पुढच्या साऱ्या शोधाचा आधार आहे. बल्ब चांगलाच तापतो, त्यामुळे तो सीटवर किंवा प्लॅस्टिकवर टेकू देऊ नये. आणि एअरबॅगच्या तारांवर ही पद्धत कधीही वापरू नये.

रोध मोजून हे कळणार नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. मल्टिमीटर इथे सहज फसवतो. बल्बची तार थंड असताना तिचा रोध जळतानाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो, त्यामुळे ब्रेकचे दोन धडधाकट बल्ब मिळून अर्ध्या ओहमहूनही कमी रोध दाखवतात आणि नवख्याला तोच शॉर्ट वाटतो. रोध मोजायचाच असेल, तर आधी सारे बल्ब होल्डरमधून काढावेत आणि बॅटरी सोडवावी. सोडवताना सांगाड्याला जोडलेले टोक पहिल्यांदा काढायचे, कारण त्यानंतर दुसऱ्या टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघू शकतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी नकोच.

बल्ब तेजाने जळत असताना एक-एक कनेक्टर सोडवत जायचे. मधला कनेक्टर सोडवल्यावर बल्ब विझला, तर बिघाड त्याच्या पलीकडे आहे. जळतच राहिला, तर अलीकडे. दर वेळी उरलेल्या तारेच्या मध्यावरचा कनेक्टर सोडवत गेल्यास आठ भागांतला सदोष भाग तीन चाचण्यांत हाती येतो. अर्थात कनेक्टर नेमके मध्यावर मिळत नाहीत, आणि गंजलेले जुने कनेक्टर ओढताना तुटतात. हात लावायला जे सोपे, तिथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

सर्वांत छळणारा असतो तो अधूनमधून होणारा शॉर्ट, जो खड्ड्यातून जाताना किंवा दार उघडताना प्रकटतो आणि गाडी उभी असताना गायब होतो. इथे बल्बावर नजर ठेवून वायरिंगचा जुडगा वीतभर अंतराने हलवत जावे लागते. बल्ब ज्या जागी लुकलुकतो, तिथेच थांबावे. संशयाच्या जागाही ठरलेल्या आहेत. पीव्हीसीच्या आवरणाला मऊ ठेवणारी द्रव्ये उष्णतेने वर्षानुवर्षे निघून जातात, म्हणून इंजिनाजवळच्या तारा ताठर होऊन तडकतात. दाराच्या आणि डिकीच्या बिजागरीपाशी तार हजारो वेळा वाकते. पत्र्याच्या भोकातली रबरी ग्रोमेट, म्हणजे तारेला धारेपासून वाचवणारी कडी, कडक होऊन निसटली, की भोकाची धार तारेला कापू लागते. आणि कोणीतरी नंतर बसवलेला हॉर्न किंवा स्पीकर, ज्याच्या जोडावरची चिकटपट्टी डिंक वाळून सुटली आहे, तो सर्वांत आधी तपासावा.

अस्तर न उचलता जागा शोधण्याची आणखी एक रीत मला विशेष प्रिय आहे. 1820 साली हान्स क्रिस्तियन ओर्स्टेड यांनी पाहिले, की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. फ्यूजच्या जागी आपोआप तुटणारा व पुन्हा जुळणारा सर्किट ब्रेकर बसवला, तर शॉर्टमधून थांबून थांबून प्रवाह जातो, आणि तारेच्या वाटेवर धरलेली सुई प्रत्येक झटक्याला डोलते. जिथे तार पत्र्याला टेकली आहे तिथून पुढे तारेत तो प्रवाहच नसतो, त्यामुळे सुई स्थिरावते. इथे प्रवाह जोराचा असतो, म्हणून ब्रेकर त्या तारेला झेपेल एवढ्याच अँपिअरचा हवा आणि शोध मिनिटभरात आटोपता घ्यावा.

सुई स्थिरावली त्या जागेवरचे अस्तर उचलले, की बहुधा काळवंडलेले तांबे आणि त्याला टेकलेली पत्र्याची धार दिसते. बॅटरी सोडवून तारेचा खराब तुकडा बदलायचा, जोडावर आवरणनळी चढवायची, भोकात नवी ग्रोमेट बसवायची. मग बॅटरी जोडून, फ्यूजच्या जागी पुन्हा तोच बल्ब लावून पेडल दाबायचे. बल्ब मंद राहिला, तर त्याच्या जागी मूळ अँपिअरचा फ्यूज बसवायला हरकत नाही.