एल-वन-ए मिळाला म्हणजे ईबी-वन-सी झालं असं नाही

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर भाच्याचा मेसेज आला: "एल-वन-ए झाला! आता दोन वर्षांत ग्रीन कार्ड." खाली ताईने लगेच फुलांचा गुच्छ टाकला, काकांनी दोन्ही हात जोडले.

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत लोकांना ऑनसाइट पाठवण्याची कागदपत्रं मी बरीच वर्षं पाहिली आहेत. त्यामुळे ग्रुपवर अभिनंदन टाकायच्या आधी त्याला फोन लावला आणि विचारलं, "निघण्याआधी हिंजवडीत तुझं काम काय होतं? हाताखाली कोण होतं?"

"हाताखाली कुणी नाही मामा, सोल्यूशन आर्किटेक्ट होतो. का?"

या 'का'चं उत्तर द्यायला पाऊण तास लागला.

आधी ओळख. एल-वन-ए हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा. परदेशातल्या कंपनीने आपला माणूस अमेरिकेतल्या आपल्याच शाखेत, मूळ कंपनीत, उपकंपनीत किंवा भगिनी कंपनीत मॅनेजर वा एक्झिक्युटिव्ह म्हणून पाठवायचा, यासाठी तो आहे. एल वर्ग १९७० च्या कायद्याने आला. त्याला वार्षिक मर्यादा नाही, लॉटरी नाही. ईबी-वन-सी हा व्हिसाच नव्हे. तो ग्रीन कार्डाचा एक प्रवर्ग आहे. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित पहिल्या पसंतीचे, म्हणजे ईबी-वनचे, तीन पोटप्रकार केले. 'ए' असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठी, 'बी' नामवंत प्राध्यापक-संशोधकांसाठी आणि 'सी' बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मॅनेजर-एक्झिक्युटिव्हसाठी. 'ए'मध्ये माणूस स्वतःच स्वतःचा अर्ज करू शकतो, 'सी'मध्ये नाही. तिथे अर्जदार कंपनीच असते आणि अमेरिकेत कायमच्या पदाची ऑफर तिनेच द्यायची असते. "माझं ईबी-वन चाललंय" एवढंच कुणी सांगितलं तर अक्षर विचारून घ्यावं.

गोंधळ होतो तो शब्द तेच असल्यामुळे. 'मॅनेजर' आणि 'एक्झिक्युटिव्ह' यांची व्याख्या दोन्हीकडे कायद्याच्या एकाच कलमातून येते. दोन्हीकडे मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष परदेशातल्या त्याच कंपनी समूहात नोकरी लागते. माणूस आधीच अमेरिकेत त्या कंपनीत काम करत असेल, तर ईबी-वन-सीसाठी ही तीन वर्षं त्याच्या अमेरिका-प्रवेशापासून मागे मोजतात. इथवर दोन्ही अर्ज जुळ्या भावांसारखे.

पण त्या एका वर्षात तुम्ही काय करत होतात, तिथे वाटा फुटतात. एल-वन-ए विचारतो ते मुख्यतः अमेरिकेत काय करणार हे. तिथलं पद मॅनेजरचं असलं की झालं. भारतातलं ते वर्ष मॅनेजर म्हणून गेलेलं असो, नाहीतर कंपनीच्या खास तंत्राचा जाणकार म्हणून, दोन्ही चालतं. ईबी-वन-सीला मात्र भारतातलं वर्षसुद्धा मॅनेजर वा एक्झिक्युटिव्ह म्हणूनच गेलेलं लागतं. आर्किटेक्ट म्हणून पुण्यातून निघून न्यू जर्सीत डिलिव्हरी मॅनेजर झालेला माणूस एल-वन-एला पूर्ण पात्र ठरतो. तोच माणूस ईबी-वन-सीला पहिल्याच पायरीवर अडतो, अमेरिकेत त्याने पुढे कितीही मोठी टीम सांभाळली तरी. एवढी एक गोष्ट विमानात बसण्याआधी कुणी सांगत नाही, कारण एचआरचं काम व्हिसा निघाला की संपतं.

दुसरा फरक तपासणीचा. मोठ्या कंपन्यांकडे 'ब्लँकेट एल' असतो. कंपनी समूहाला आधीच एकगठ्ठा मंजुरी मिळालेली असते आणि माणसाची तपासणी वकिलातीच्या खिडकीवर होते. तिथे मुलाखत चार-पाच मिनिटांत आटोपल्याचे अनेकांचे अनुभव आहेत. ईबी-वन-सीचा आय-१४० अर्ज अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे जातो आणि तिथला अधिकारी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो. एल-वन-ए दोनदा वाढवून मिळालेला असला तरी आय-१४० नामंजूर होऊ शकतो, होतोही.

फाइलमध्ये तो काय बघतो? हुद्दा नाही. 'सीनियर मॅनेजर' छापलेलं व्हिजिटिंग कार्ड तिथे कुणाला भुलवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर अजून एक तक्ता आहे: वर मॅनेजरची चौकट, खाली तीन. दोन चौकटींत माणसांची नावं, तिसरीत 'भरती होणार'. त्या दोघांतल्याही एकाने राजीनामा दिलेला. सोबतच्या तीन पानी पत्रात 'धोरण ठरवतो', 'टीमला दिशा देतो' अशी वाक्यं, पण हा गृहस्थ सोमवारी सकाळी नऊ वाजता नेमकं काय करतो ते कुठेच नाही. अपेक्षेप्रमाणे क्वेरी आली: वेळेची टक्केवारी द्या, हाताखालच्यांची कामं आणि शिक्षण सांगा, रोजचं काम करतं कोण ते सांगा. प्रामाणिक उत्तर असं होतं की रोजचं काम तोच करत होता.

आणि तिथेच असे अर्ज पडतात. चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या १९८८ मधल्या एका प्रकरणात इमिग्रेशन खात्याने जे तत्त्व मांडलं ते आजही प्रत्येक नकाराच्या पत्रात भेटतं: माल तयार करणं किंवा सेवा देणं हेच ज्याचं मुख्य काम, तो मॅनेजर नव्हे. हाताखाली माणसं असणं पुरेसं नाही. पहिल्या फळीचा सुपरवायझर तेवढ्यावर मॅनेजर ठरत नाही. अपवाद एवढाच की त्याच्या हाताखालचे लोक व्यावसायिक शिक्षणाचे, 'प्रोफेशनल' असावेत. आयटीवाल्यांना हा अपवाद तारतो, कारण टीममधले बहुतेक इंजिनिअरच असतात. हॉटेल किंवा दुकान चालवणाऱ्यांचे अर्ज मात्र इथेच अडकतात. हाताखाली कुणीच नसलेला, माणसांऐवजी कंपनीचं एखादं महत्त्वाचं काम सांभाळणारा 'फंक्शन मॅनेजर'ही कायद्याला मान्य आहे, पण ते सिद्ध करणं वकिलाच्या कौशल्याची परीक्षा. २०१६ मध्ये एका जपानी कंपनीच्या प्रकरणात खात्याच्या अपील कार्यालयाने सांगितलं की अमेरिकेतल्या मॅनेजरचं दैनंदिन काम परदेशातली माणसं करत असतील तर तेही विचारात घ्यावं. पुण्यातली टीम न्यू जर्सीहून चालवणाऱ्यांना हा निर्णय बराच उपयोगाचा आहे.

स्वतःचा धंदा अमेरिकेत नेणाऱ्यांसाठी एक वेगळी गाठ आहे. नव्या ऑफिससाठी एल-वन-ए मिळतो, पण पहिल्यांदा एकच वर्षाचा. वर्षभरात खऱ्या मॅनेजरची गरज पडेल एवढा पसारा दाखवावा लागतो. ईबी-वन-सीसाठी अमेरिकेतल्या कंपनीने किमान एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसाय केलेला हवा. इकडचा सांगली-इचलकरंजीचा धंदा गुंडाळून तिकडे गेलात तर मात्र दोन्हीचा पाया निघून जातो. भारतातली कंपनी चालू राहिली पाहिजे.

आता वेळेचं गणित. एल-वन-ए जास्तीत जास्त सात वर्षं चालतो. ती मोजतात अमेरिकेत प्रत्यक्ष काढलेल्या दिवसांवर, त्यामुळे गणपतीला गावी काढलेले तीन आठवडे परत मागता येतात. फक्त जाण्या-येण्याच्या नोंदी जपून ठेवा. ईबी-वन-सीला मुदत नाही, पण रांग आहे. पर्म नावाची श्रमबाजाराची चाचणी (त्या जागेसाठी अमेरिकेत माणूस मिळत नाही हे दाखवणं) इथे नसते, म्हणून आय-१४० दाखल झाला तीच तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख. २०१८ पर्यंत भारतीयांसाठी ही रांग जवळजवळ नव्हतीच. २०२५ च्या बहुतेक काळात व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या अमेरिकी सरकारच्या मासिक पत्रकात, भारताची ईबी-वनची तारीख फेब्रुवारी २०२२ वर उभी होती, म्हणजे तीन वर्षांहून जास्त मागे.

इथे एक फसगत होते. एच-वन-बीवाल्याचा आय-१४० मंजूर असेल आणि रांग लांब असेल, तर सहा वर्षांनंतरही मुदतवाढ मिळत राहते. एलला तशी सोय नाही. सातव्या वर्षाच्या शेवटी आय-१४० मंजूर असूनही डेट करंट नसेल, म्हणजे रांगेत नंबर आलेला नसेल, तर सामान बांधायचं. म्हणून 'आधी जम बसू दे, मग बघू' हा आपला सल्ला इथे महागात पडतो. पात्र माणसाने पहिल्याच वर्षी फाइल लावायला सांगावं.

एलचं एक सुख मात्र मान्य करायला हवं. नोव्हेंबर २०२१ पासून एल-टूवरच्या (एल-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) नवरा-बायकोला कामासाठी वेगळं परवानापत्र काढावं लागत नाही. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वर्षानुवर्षं घरी बसलेल्यांना विचारा याची किंमत.

मग भाच्यासारख्यांना मार्ग काय? एक मार्ग ठाण्या-पुण्याकडच्या बऱ्याच घरांनी पाहिलाय: एक वर्ष परत यायचं, इथल्या ऑफिसात खरोखरीचा मॅनेजर म्हणून काम करायचं, पुन्हा एल-वन-एवर जायचं आणि मग ईबी-वन-सी. ईबी-टूमध्ये, म्हणजे नोकरीवर आधारित दुसऱ्या पसंतीच्या प्रवर्गात, आय-१४० आधीच मंजूर असेल, तर त्याची जुनी तारीख ईबी-वनमध्ये बरोबर नेता येते. जुनी तारीख असलेला माणूस त्यामुळे एका वर्षाच्या मोबदल्यात ईबी-टूची लांब रांग ओलांडतो. या वाटेवर नावापुरते मॅनेजर करून पाठवलेलेही गेले, आणि अधिकारी आता पुण्याच्या ऑफिसचे तक्ते एवढ्या संशयाने का वाचतात याचं एक कारण तेही असावं.

भाच्याला मी म्हटलं, आर्किटेक्ट होण्याआधी काय करत होतास ते शोध. तीन वर्षांच्या खिडकीत कुठे टीम सांभाळली असशील तर मोजता येईल. दुसऱ्या दिवशी त्याने जुने अप्रेझलचे मेल काढले. एका बँकेच्या प्रोजेक्टवर सहा इंजिनिअर त्याला रिपोर्ट करत होते, त्यांची रेटिंगं त्यानेच दिली होती, दोघांची बढतीही त्याच्याच शिफारशीने झाली होती. अगदी अधिकाऱ्याला हवे तसे कागद.

"किती महिने?" मी विचारलं.

"आठ."

ग्रुपवर अजून कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीकडे त्याने ईबी-टूसाठी पर्म सुरू करायला सांगितलंय, तारीख तरी लागू दे म्हणून. आणि पुण्यात मॅनेजरची जागा कधी निघते याची चौकशी हळूच चालू आहे.