ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो आणि ताम्हिणीत गप्प झालेलं गाणं

मागच्या पावसाळ्यात मेव्हण्यांच्या नव्या गाडीतून ताम्हिणीमार्गे माणगावला चाललो होतो. मुळशी मागे पडलं, वळणं सुरू झाली आणि गाणं अंतऱ्यातच थांबलं. अँड्रॉइड ऑटो म्हणजे फोनमधली गाणी, नकाशा वगैरे गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय. मेव्हणे त्या पडद्यावर बोट आपटत म्हणाले, "अहो, ह्यात तर अँड्रॉइड ऑटो आहे! हे कसं बंद पडलं?" त्यांच्या लेखी ब्लूटूथवर वाजतात ती फोनमधली गाणी आणि अँड्रॉइड ऑटोवर वाजतात ती गाडीतली. असं समजणारे ते पहिले नव्हेत. शेजारी, साडू, ऑफिसातले दोघे-तिघे, सगळ्यांना सांगून झालंय की दोन्हीकडे गाणं फोनच वाजवतो. आता एकदा लिहूनच टाकतो.

ब्लूटूथबद्दल फार बोलायला नको, ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. गाणं फोन वाजवतो, गाडी नुसती स्पीकर होते. स्टिअरिंगवरच्या बटणाने गाणं पुढे-मागे जातं, गाण्याचं नाव पडद्यावर येतं, संपलं. त्याच फोनवर मागच्या सीटवरच्या पोराने रील उघडलं की तेही अख्ख्या गाडीला ऐकावं लागतं. आणि आवाज बारीक येत असेल तर आधी फोनचा आवाज वाढवा हो. लोक गाडीचं बटण शेवटपर्यंत पिळतात आणि स्पीकर खराब म्हणून मोकळे होतात.

अँड्रॉइड ऑटोत पडदा उजळतो, स्पॉटिफाय किंवा जिओसावनचं चिन्ह ठसठशीत दिसतं, बोट लावलं की गाणं सुरू होतं. साहजिकच वाटतं की अ‍ॅप गाडीत आहे. पण ते गाडीत नाही. पडद्यावर दिसणारं चित्र फोन तयार करतो आणि गाडीकडे धाडतो. तुम्ही पडद्याला लावलेलं बोट गाडी फोनला कळवते. म्हणजे गाडी इथे स्पीकर तर आहेच, शिवाय फोनला जोडलेला मोठा पडदा आहे. अ‍ॅप फोनमध्ये, खातं फोनमध्ये, नेट फोनच्या सिमचं. फोन घरी विसरून निघालात तर ते चिन्हसुद्धा दिसणार नाही. आयफोनवाल्यांनी ऑटोच्या जागी कारप्ले वाचावं, ह्या बाबतीत तसूभर फरक नाही.

गोंधळाला एक खरं कारणही आहे. काही गाड्यांत अ‍ॅप खरोखरच गाडीत असतं. 2019 मध्ये आलेल्या एमजी हेक्टरमध्ये गाडीचं स्वतःचं सिम होतं आणि गाना अ‍ॅप गाडीच्या यंत्रणेतच बसवलेलं होतं. शोरूममध्ये अँड्रॉइड ऑटो आणि गाडीतलं अ‍ॅप ह्या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात आणि ग्राहक दोन्ही एकाच कप्प्यात ठेवतो. अर्थात टॉवर नसेल तिथे गाडीचं सिमही फोनच्या सिमइतकंच निरुपयोगी.

वायरलेस अँड्रॉइड ऑटो म्हणजे तर गोंधळाचा कळस. त्यात ब्लूटूथ ओळख करून देतं, पुढची गाण्यांची आणि पडद्याची ने-आण वायफायवर चालते. मग प्रश्न येतो, "वायफाय जोडलेलं दिसतंय, तरी नेट नाही?" नाही, कारण हे वायफाय तुमच्या खिशातून डॅशबोर्डपर्यंतच जातं. नळाला नवी तोटी बसवली म्हणून टाकीत पाणी चढत नाही.

रस्ते दोन आहेत, एक टॉवर ते फोन आणि दुसरा फोन ते गाडी. ब्लूटूथवरून ऑटोवर गेलात की बदलतो तो फक्त दुसरा. मेव्हण्यांचा तुटला होता पहिला, घाटात रेंजच नव्हती. कुठला तुटलाय हे ऐकूनही बरंचसं कळतं. नेट गेलं तर गाणं लगेच थांबत नाही, अ‍ॅपने पुढचं थोडं ओढून ठेवलेलं असतं. ते संपलं की चिडीचूप, आणि पडद्यावर गोल फिरत राहतं. याउलट फोन-गाडीचा रस्ता बिघडला की गाणं तुटक-तुटक येतं, नाहीतर ऑटो अचानक निघून जाऊन गाडीचा मूळ पडदा समोर येतो. खात्री करायची तर मोबाइल डेटा बंद करा आणि आधी डाउनलोड केलेलं गाणं लावा. तरीही तुटलं तर नेटला शिव्या देऊ नका, केबल बदला. काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं, काही गाड्यांत एकच यूएसबी पोर्ट ऑटोला चालतो. हे न बघता सर्व्हिस सेंटर गाठणारे मी पाहिलेत.

माझं मत विचाराल तर केबल. वायरलेसमध्ये फोन एकाच वेळी नेट, वायफाय आणि नकाशा ओढत असतो, त्यात चार्जिंग पॅडवर ठेवला आणि काचेतून ऊन आलं की पापडासारखा तापतो. आवाजाचंही तेच. साध्या ब्लूटूथवर गाणं पाठवण्याआधी पुन्हा एकदा दाबून लहान केलं जातं, केबलवर ही कटकट नाही. एक्स्प्रेसवेवर टायरच्या घरघरीत हा फरक कुणाला कळत नाही, हेही कबूल. मात्र केबल लावली म्हणून ब्लूटूथ बंद करू नका. अँड्रॉइड ऑटोतही फोनवरचं बोलणं ब्लूटूथवरूनच जातं.

घाटावर इलाज एकच, डाउनलोड. काल ऐकलं होतं म्हणून आज वाजेल ह्या भरवशावर राहू नका, गाण्यासमोर डाउनलोडची खूण दिसली पाहिजे. स्पॉटिफायवर त्यासाठी पैसे भरलेलं खातं लागतं आणि 30 दिवसांत एकदा तरी अ‍ॅपला नेट दाखवावं लागतं. जागा फार जात नाही: गाण्याचा दर्जा 160 केबीपीएस (म्हणजे सेकंदाला 160 किलोबिट) ठेवला तर तासाला 72 एमबी, 320 ठेवला तर 144. ही गाणी कुलूपबंद असतात, पेनड्राइव्हवर टाकून वाजत नाहीत. पेनड्राइव्हसाठी साधी एमपीथ्रीच हवी.

मेव्हण्यांचं खातं पैसे भरलेलं होतंच. माणगावला चहा होईतो त्यांनी 40 गाणी डाउनलोड केली. परतताना ताम्हिणीत एकही अडकलं नाही. चाळीसच्या चाळीस त्यांच्याच आवडीची होती, आणि आता मध्ये थांबण्याचीही आशा उरली नव्हती.